अठरा संघ, एक शहर : अ‍ॅडलेडच्या ‘गॅदर राउंड’ची पूर्वकथा

(१)
१३ एप्रिल २०२३, गुरुवारची संध्याकाळ. दक्षिण ऑस्ट्रेलियाची राजधानी अ‍ॅडलेड. पुढल्या चार दिवसांत ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगचे अठराच्या अठरा संघ याच शहरात आणि त्याच्या परिसरात खेळणार होते. नऊ सामने, तीन मैदाने आणि एकच यजमान. या फेरीला ‘गॅदर राउंड’ असे नाव देण्यात आले होते. वरवर पाहता हा निव्वळ क्रीडामहोत्सव होता. पण त्यामागे सव्वाशेहून अधिक वर्षांचा एक वाद दडलेला आहे. सामना नेमका कोणाचा असतो? खेळणाऱ्या क्लबचा, साखळी चालवणाऱ्या संस्थेचा, की तो ज्या गावात होतो त्या गावाचा? हा धागा त्या वादाविषयी.

(२)
आरंभ साखळी स्पर्धेच्या जन्मापासून करावा लागतो. इंग्लंडमध्ये १८८५ साली फुटबॉलपटूंना वेतन देण्यास अधिकृत मान्यता मिळाली. वेतन ठरलेले, पण उत्पन्न बेभरवशाचे, अशी क्लबांची अवस्था झाली. बाद पद्धतीच्या करंडक स्पर्धेत पहिल्याच फेरीत पराभव झाला की पुढचे महिने रिकामे. मैत्रीपूर्ण सामने ठरत आणि ऐनवेळी रद्द होत. मैदानाच्या फाटकावर जमणारे पैसे हाच क्लबचा मुख्य आधार होता आणि तोच अनिश्चित होता.

(३)
बर्मिंगहॅममधील कापडाचे व्यापारी आणि अ‍ॅस्टन व्हिला क्लबचे एक पदाधिकारी विल्यम मॅकग्रेगर यांनी मार्च १८८८ मध्ये काही क्लबांना पत्रे धाडली. त्यांची सूचना साधी होती. ठरावीक क्लबांनी एकत्र यावे आणि प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळावे. एकदा स्वतःच्या मैदानावर, एकदा प्रतिस्पर्ध्याच्या. त्याच वर्षी बारा क्लबांची ‘फुटबॉल लीग’ सुरू झाली. प्रत्येकाचे २२ सामने, त्यांपैकी ११ घरी आणि ११ बाहेर.

(४)
या रचनेत न्याय आणि हिशेब एकाच वेळी साधले होते. घरच्या मैदानाचा लाभ सर्वांना सारखाच मिळे, म्हणून गुणतालिका न्याय्य ठरे. घरच्या सामन्यांची संख्या आधीच ठाऊक असे, म्हणून क्लबचा वर्षाचा खर्च भागे. पुढे जगभर ज्या साखळ्या उभ्या राहिल्या, त्यांतील बहुतेकींनी हाच सांगाडा उचलला. त्यामुळे एखादी पूर्ण फेरी तिसऱ्याच शहरात नेणे म्हणजे साखळीच्या पायातला दगड हलवणे. तो हलवायला तसेच सबळ कारण लागते.

(५)
आता ऑस्ट्रेलियाकडे. तेथील ‘ऑस्ट्रेलियन रूल्स’ हा खेळ आपल्या ओळखीच्या फुटबॉलहून वेगळा. मैदान लंबवर्तुळाकार, बहुधा क्रिकेटचेच. प्रत्येक बाजूला १८ खेळाडू, अंडाकृती चेंडू, तो पायाने मारायचा किंवा मुठीने ढकलायचा. ऑफसाइडचा नियम नाही. या खेळाचे पहिले नियम १८५९ साली मेलबर्नमध्ये लिहिले गेले. पण खेळाचे नियमन करणारी संघटना प्रथम उभी राहिली ती अ‍ॅडलेडमध्ये, ३० एप्रिल १८७७ रोजी. मेलबर्नची संघटना त्यानंतर काही दिवसांनी आली. अ‍ॅडलेडकरांच्या दृष्टीने हे अंतर दिवसांचे असले, तरी अभिमानाला तेवढे पुरेसे होते.

(६)
पुढे मात्र पारडे मेलबर्नकडे झुकले. १८९७ मध्ये आठ क्लबांची ‘व्हिक्टोरियन फुटबॉल लीग’ खेळू लागली. सोन्याच्या खाणींनी श्रीमंत केलेले मोठे शहर, दाट वस्ती आणि एकमेकांपासून हाकेच्या अंतरावरचे क्लब, यांमुळे तिची भरभराट झाली. अ‍ॅडलेडची साखळी स्वतंत्र राहिली. पोर्ट अ‍ॅडलेड हा गोदीकामगारांच्या वस्तीचा क्लब आणि शहराच्या पूर्वेचा नॉरवुड यांचे वैर तेथे पिढ्यान् पिढ्या चालत आले. दोन शहरांत सुमारे सव्वासातशे किलोमीटरचे अंतर. खेळ एक, पण संसार दोन.

(७)
मेलबर्नच्या साखळीने आपली फेरी घराबाहेर नेण्याचा पहिला मोठा प्रयोग १९५२ मध्ये केला. तोही अगदी उलट्या दिशेने. त्या वर्षी जूनमध्ये एका फेरीतील सहाच्या सहा सामने मेलबर्नबाहेर विखुरले गेले. कॉलिंगवुड आणि रिचमंड सिडनीत खेळले, फिट्झरॉय आणि मेलबर्न टास्मानियातील होबार्टमध्ये, एसेंडन आणि जिलाँग ब्रिस्बेनमध्ये. उरलेले तीन सामने ऑल्बरी, युरोआ आणि यॅलोर्न या छोट्या गावांत झाले. या फेरीला ‘नॅशनल डे’ असे नाव होते. हेतू उघड होता. जेथे रग्बीचे राज्य होते, त्या प्रदेशांना हा खेळ दाखवायचा.

(८)
ब्रिस्बेनचा सामना पावसामुळे शनिवारी होऊ शकला नाही. तो सोमवारी रात्री दिव्यांच्या प्रकाशात खेळवावा लागला. एसेंडनच्या जॉन कोलमनने त्यात तब्बल १३ गोल केले. दृश्य नेत्रदीपक होते, पण परिणाम अल्पजीवी ठरला. पुढल्या हंगामात सामने पुन्हा मेलबर्न आणि जिलाँगच्या मैदानांवर परतले. एका दिवसाची भेट देऊन कोणत्याही गावात खेळ रुजत नाही. त्याला वर्षभर पाणी घालणारा स्थानिक क्लब लागतो. हा धडा पुढेही अनेकदा गिरवावा लागणार होता.

(९)
तोच धडा अर्ध्या शतकानंतर इंग्लंडमध्ये दिसला. तेथील रग्बी लीग हा खेळच एका फुटीतून जन्मला. ऑगस्ट १८९५ मध्ये हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडील क्लबांनी मूळ रग्बी संघटनेशी काडीमोड घेतला. सामन्यासाठी गिरणीतील वा खाणीतील कामाचा खाडा करणाऱ्या खेळाडूला बुडालेली मजुरी द्यावी की नाही, हा वादाचा मुद्दा होता. उत्तरेने ‘द्यावी’ म्हटले आणि वेगळी चूल मांडली. मात्र त्यानंतरची शंभर वर्षे हा खेळ मुख्यतः यॉर्कशायर, लँकेशायर आणि कंबरलंड यांच्या हद्दीतच राहिला.

(१०)
ही हद्द ओलांडण्यासाठी रग्बी लीगच्या ‘सुपर लीग’ने मे २००७ मध्ये एक अभिनव उपाय योजला. वेल्सची राजधानी कार्डिफ येथील मिलेनियम स्टेडियममध्ये बाराच्या बारा संघ उतरवायचे आणि दोन दिवसांत सहा सामने खेळवायचे. उपक्रमाचे नाव ‘मिलेनियम मॅजिक’. एका तिकिटात एका दिवसाचे तीन सामने पाहायला मिळत. हल येथील दोन कट्टर प्रतिस्पर्धी आपले वैर घेऊन शेकडो किलोमीटर दूर आले, आणि त्यांच्यासोबत त्यांचे प्रेक्षकही. पूर्ण फेरी एका छताखाली भरवण्याच्या आधुनिक प्रथेचा उगम येथे आहे.

(११)
वेल्समध्ये खेळ रुजला का? २००९ मध्ये वेल्समधील एका क्लबला सुपर लीगमध्ये स्थान मिळाले. २०११ च्या हंगामानंतर तो क्लब साखळीतून बाहेर पडला. फेरी मात्र टिकली. ती एडिंबरा, मँचेस्टर, न्यूकॅसल, लिव्हरपूल अशी फिरत राहिली, आणि सर्वाधिक काळ न्यूकॅसलमध्ये स्थिरावली. म्हणजे प्रचाराचे मूळ उद्दिष्ट बाजूला पडले आणि वेगळेच काही साधले. उत्तरेतील प्रेक्षकांना वर्षातून एकदा सहकुटुंब जमण्याचे निमित्त मिळाले. जत्रा ज्या देवासाठी भरते त्यापेक्षा जत्रेचीच ओढ अधिक व्हावी, तसे हे झाले.

(१२)
या यशाच्या काळातच इंग्लिश प्रीमियर लीगने तोच विचार परदेशी नेऊ पाहिला. फेब्रुवारी २००८ मध्ये तिचे मुख्याधिकारी रिचर्ड स्कुडमोर यांनी ३८ सामन्यांच्या हंगामाला एक ३९ वा सामना जोडावा आणि ती जादा फेरी परदेशांतील शहरांत खेळवावी, असा प्रस्ताव मांडला. विरोध सर्व बाजूंनी झाला. चाहते भडकले, आशियाई फुटबॉल महासंघाने नापसंती दर्शवली, फिफानेही विरोध केला. प्रस्ताव बासनात गेला.

(१३)
या विरोधाचा गाभा समजून घेण्यासारखा आहे. वीस संघ, प्रत्येकाशी दोन सामने, एकूण ३८. हा हिशेब काटेकोर आहे. त्यात एक सामना वाढला की कोणाच्या वाट्याला बलाढ्य प्रतिस्पर्धी येईल आणि कोणाच्या वाट्याला दुबळा. त्या एका सामन्यावर एखाद्याचे विजेतेपद जाईल किंवा कोणी खालच्या श्रेणीत घसरेल. मॅकग्रेगर यांनी १८८८ मध्ये रचलेला तोल १२० वर्षांनंतरही लोकांना प्रिय होता, हे त्या विरोधाने दाखवून दिले.

(१४)
ऑस्ट्रेलियातील रग्बी लीगने २०१९ च्या मे महिन्यात निराळी वाट धरली. तिची ‘मॅजिक राउंड’ ब्रिस्बेनमध्ये झाली : १६ संघ, चार दिवस, आठ सामने, एकच मैदान. येथे जादा सामना जोडलेला नव्हता. हंगामातीलच एक फेरी उचलून आणली होती. म्हणजे किंमत मोजली ती यजमानपद सोडणाऱ्या क्लबांनी आणि त्यांच्या गावांनी. मात्र शहराची निवड अचूक होती. क्वीन्सलंड हा रग्बी लीगचा बालेकिल्ला. ज्यांना खेळ शिकवायचा आहे अशांकडे न जाता, ज्यांचे खेळावर आधीच प्रेम आहे अशांकडे ही फेरी गेली.

(१५)
मग आली महासाथ, आणि जे महोत्सव म्हणून केले जात होते ते सक्तीने करावे लागले. ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगचे व्हिक्टोरियातील दहाही क्लब २०२० मध्ये घर सोडून बाहेर राहिले. त्या वर्षीचा अंतिम सामना ब्रिस्बेनमध्ये झाला. व्हिक्टोरिया राज्याबाहेर तो प्रथमच गेला. पुढल्या वर्षी तो पर्थला झाला. अंतिम सामना मेलबर्नबाहेर होऊच शकत नाही, या समजुतीला तेव्हा पहिला तडा गेला.

(१६)
याच काळात भारताने याहून टोकाचे उदाहरण पाहिले. इंडियन सुपर लीगचा २०२०-२१ चा संपूर्ण हंगाम गोव्यात झाला. ११ संघ, ११५ सामने आणि तीन मैदाने : फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचे टिळक मैदान. कागदावर प्रत्येक सामन्याला एक ‘यजमान’ संघ असे. कोलकाता, कोची, गुवाहाटी येथील क्लब गोव्यात ‘घरी’ खेळत. अंतिम सामन्यात मुंबई सिटीने एटीके मोहन बागानला २-१ असे हरवून विजेतेपद पटकावले.

(१७)
पण स्टेडियम रिकामे होते. ज्या सालसेत तालुक्यात फुटबॉल घरोघरी बोलला जातो, तेथील माणसांनी आपल्याच अंगणातील सामने दूरचित्रवाणीवर पाहिले. खेळाडू, पंच, कॅमेरे सर्व होते. घर मात्र कोणाचेच नव्हते. अपवाद एफसी गोवाचा, आणि त्यालाही रिकाम्या आसनांसमोर खेळावे लागले. साखळी एका जागी जमवता येते, हे गोव्याने सिद्ध केले. त्याच वेळी, संघ एकत्र आणल्याने मेळावा होत नाही. त्यासाठी माणसे यावी लागतात, हेही तेथेच कळले.

(१८)
आता पुन्हा अ‍ॅडलेड. १९८० च्या दशकात मेलबर्नच्या साखळीने देशभर पाय पसरले. १९८२ मध्ये एक क्लब सिडनीला हलला. १९८७ मध्ये पर्थ आणि ब्रिस्बेनचे संघ आले. १९९० मध्ये साखळीने ‘ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग’ हे नाव धारण केले. दक्षिण ऑस्ट्रेलियाची साखळी सावध होती. घाईने सामील होऊन आपली शतकभराची स्पर्धा दुय्यम करून घ्यायची नाही, अशी तिची भूमिका होती.

(१९)
१९९० च्या मध्यात बातमी फुटली. पोर्ट अ‍ॅडलेड क्लबने मेलबर्नशी परस्पर बोलणी चालवली होती. शहरात वादळ उठले. ज्यांच्याशी पिढ्यान् पिढ्या खेळलो, त्यांनीच पाठीमागून दार उघडले, अशी इतर क्लबांची भावना झाली. प्रकरण न्यायालयात गेले. अखेर स्थानिक साखळीने घाईघाईने स्वतःचा प्रस्ताव पुढे केला आणि १९९१ मध्ये ‘अ‍ॅडलेड क्रोज’ हा सर्व शहराचा म्हणून नवा संघ उतरला. पहिल्याच सामन्यात त्याने बलाढ्य हॉथॉर्नला ८६ गुणांनी धूळ चारली. पोर्ट अ‍ॅडलेडला प्रवेशासाठी १९९७ उजाडावे लागले.

(२०)
शहराला राष्ट्रीय संघ मिळाला, पण जुनी साखळी मागे पडली. नॉरवुडसारखे क्लब दुसऱ्या फळीत गेले. सत्तेचे केंद्रही हलले नाही. आज अठरा क्लबांपैकी दहा व्हिक्टोरियाचे आहेत, आणि अंतिम सामना मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवरच व्हावा असा करार २०५० च्या दशकाच्या अखेरपर्यंत केलेला आहे. अ‍ॅडलेडचे दोन्ही संघ अंतिम फेरीत पोहोचले, तरी त्यांना मेलबर्नला जाऊनच खेळावे लागेल. महासाथीचे दोन अपवाद वगळता हा नियम अबाधित आहे.

(२१)
२०२३ च्या फेरीचे महत्त्व या पार्श्वभूमीवर ध्यानात येते. लीगने पूर्ण फेरी एका शहरात भरवण्याचे ठरवले, तेव्हा यजमानपदासाठी राज्यांत चुरस झाली. दक्षिण ऑस्ट्रेलियाचे प्रीमियर पीटर मॅलिनॉस्कस यांच्या सरकारने पाठबळ देऊन ते मिळवले. राज्याचा हिशेब पर्यटनाचा होता. शहराची भावना मात्र अधिक जुनी होती. अंतिम सामना येथे कधीच येणार नसेल, तर निदान एकदा तरी सर्व साखळीने या शहराच्या दारी यावे.

(२२)
मुख्य मैदान अर्थातच अ‍ॅडलेड ओव्हल. मराठी क्रीडारसिकांना ते २००३ च्या डिसेंबरमुळे स्मरते. अजित आगरकरने ४१ धावांत ६ बळी घेतले आणि राहुल द्रविडने विजय पूर्ण केला, तो हाच सामना. याच मैदानावरून क्रिकेट संघटनेशी बिनसल्यामुळे फुटबॉलवाले १९७४ मध्ये उपनगरातील फुटबॉल पार्कवर गेले होते. नूतनीकरणानंतर २०१४ मध्ये ते परतले. इतर सामने माउंट बार्कर या डोंगराळ भागातील गावात आणि नॉरवुड ओव्हलवर झाले. दुसऱ्या फळीत गेलेल्या नॉरवुडच्या छोट्या मैदानावर राष्ट्रीय साखळीचे संघ गुणांसाठी खेळले. फ्रीमँटल आणि गोल्ड कोस्ट या दोन दूरच्या संघांच्या सामन्यालाही तेथे गर्दी लोटली.

(२३)
इंग्लंडमध्ये ३९ व्या सामन्याला जो आक्षेप घेतला गेला, तो येथे का उठला नाही? गॅदर राउंडही जादा फेरीच होती. प्रत्येक संघाचे सामने २२ वरून २३ झाले. उत्तर साखळीच्या रचनेत आहे. अठरा संघांना १७ प्रतिस्पर्धी असतात. २३ सामन्यांत कोणाशी एकदा, कोणाशी दोनदा खेळावे लागते. येथे तोल आधीपासूनच नव्हता, त्यामुळे तो बिघडल्याची तक्रार बोथट होते. शिवाय सामना जादाचा असल्याने कोणत्याही गावाने आपला घरचा सामना गमावला नाही.

(२४)
तरीही एक आक्षेप उरतोच, आणि तो रास्त आहे. फेरी दर वर्षी अ‍ॅडलेडलाच होत असेल, तर अ‍ॅडलेड आणि पोर्ट अ‍ॅडलेड या दोन संघांना दर वर्षी एक सामना आपल्याच माणसांसमोर अधिक खेळायला मिळतो. पहिल्या वर्षी दोघेही जिंकले : अ‍ॅडलेडने कार्लटनला आणि पोर्टने वेस्टर्न बुलडॉग्जला हरवले. यावर अ‍ॅडलेडकरांकडे तयार उत्तर आहे. अंतिम सामना दर वर्षी मेलबर्नलाच होतो, तेव्हा हा प्रश्न कोण विचारतो?

(२५)
पहिली फेरी चालू असतानाच ती २०२६ पर्यंत दक्षिण ऑस्ट्रेलियातच राहील, असे जाहीर झाले. २०२५ मध्ये द्राक्षमळ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या बॅरोसा खोऱ्यातील नव्या मैदानाचीही त्यात भर पडली. १९५२ ची फेरी अनोळखी गावांत गेली आणि विसरली गेली. कार्डिफची फेरी वेल्ससाठी होती, पण टिकली ती उत्तरेच्या प्रेक्षकांमुळे. गोव्यात रसिक होते, पण दारे बंद होती. अ‍ॅडलेडमध्ये शतकाहून जुना खेळ होता, उघडी दारे होती आणि एक जुनी सलही होती.

(२६)
ती सल या फेरीने मिटली असे म्हणता येणार नाही. फेरी राज्याच्या तिजोरीतून मिळवलेली आहे आणि करार संपला की दुसरे राज्य अधिक बोली लावू शकते. १८७७ मध्ये अ‍ॅडलेडने स्वतःची संघटना उभारली तेव्हा सामने कुठे व्हायचे हे तेथील क्लब ठरवत. आज तो निर्णय मेलबर्नमधील कार्यालयात होतो. एप्रिलमधील ते चार दिवस मात्र नॉरवुडच्या उपनगरी मैदानाबाहेर अठराही संघांच्या रंगांचे मफलर दिसतात. सप्टेंबरच्या अखेरीस सर्वजण पुन्हा मेलबर्नकडे वळतात.

धागा समाप्त.